पेटींतलें न दिसणारें तेल

ज्या सदरांत आजवर शब्दांची व्युत्पत्ति, मुलांचे हट्ट आणि वडील माणसांचे त्याहून मोठे हट्ट यांविषयीं आम्ही लिहीत आलों, त्यांत मोटारीच्या गिअर-ऑईलविषयीं लिहिण्याची पाळी येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, त्यापुढचें संस्कृत पाठशाळेंतलें, चरितार्थ शाळामास्तरकीवर. यंत्रविद्येंतला आमचा अधिकार म्हणाल तर एवढाच कीं, एक जुनी पद्मिनी मोटार आम्हीं चौदा वर्षें चालविली, आणि ती दर रविवारीं सकाळीं आमच्याकडून तेलपाणी तपासून घेतल्यावांचून राहात नसे. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें घरांत नवी 'हायब्रिड' गाडी आणली, आणि "हिच्या गिअरबॉक्सचें तेल आजन्म बदलावें लागत नाहीं, काका," असें विक्रेत्याचें वचन पानावर बसल्याबसल्या सर्वांस ऐकविलें. तें ऐकून आम्हांस २०१९ सालच्या जानेवारींतली एक संध्याकाळ आठवली आणि हातांतला घास तसाच राहिला.

त्या हिंवाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, चिरंजीवांकडे होतों. सूनबाई तेथील एका रुग्णालयांत परिचारिका. आठवड्यांतून तीन रात्रपाळ्या. रुग्णालय घरापासून २८ मैलांवर, आणि रस्ता असा कीं, त्यावर सावकाश चालणें हाच अपराध. घरांत गाडी एकच. टोयोटा कंपनीची २००८ सालची प्रिअस. दुसऱ्या हातची घेतलेली, तबकडीवर १,१८,००० मैल, म्हणजे सुमारें १,९०,००० किलोमीटर. त्या दिवशीं सूनबाई पाळीसाठीं दुपारीं झोपली असतां चिरंजीवांनीं गाडी नेऊन एका झटपट तेल बदलून देणाऱ्या दुकानांत एंजिनाचें तेल बदलून आणलें. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वीस मिनिटांत काम झालें, स्वस्तांत झालें, याचा चिरंजीवांस मोठा आनंद होता.

सायंकाळीं बर्फ पडणार असें भाकीत होतें. सूनबाई डबा घेऊन निघाली. आम्ही कांच पुसावयास म्हणून पुढें गेलों आणि हाताच्या जुन्या खोडीनें बॉनेट उघडून एंजिनाची तेलपट्टी ओढली. पुसली, पुन्हां घातली, पुन्हां ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्यें असावें. तें वरच्या खुणेच्याही वर कितीतरी चढलेलें होतें. शिवाय नुकतेंच घातलेलें तेल मधासारखें दिसावयास हवें, तें दिसत होतें काढ्यासारखें.

आम्ही मास्तर, उत्तर चुकलेलें दिसलें कीं रीत कोठें चुकली तें शोधण्याची संवय. त्या एंजिनांत ३.७ लिटर तेल मावतें. पट्टी सांगत होती कीं, आंत जवळजवळ दुप्पट आहे, आणि रंग सांगत होता कीं, जुनें तेल अजून आंतच आहे. म्हणजे नवें घातलें, पण जुनें काढलेंच नाहीं. मग दुकानदारानें घमेल्यांत काढलें तें काय? कांहीं तरी काढल्यावांचून तो नवें घालणार नाहीं. आणि एंजिनाच्या अगदीं शेजारीं, तळाला तसेंच बूच असलेली दुसरी एक पेटी आहे, ती गिअरची.

"गाडी सुरू करूं नकोस," आम्ही म्हणालों.

सूनबाई चाकावर बसलेली. ती म्हणाली, "मामंजी, ही तुमची पद्मिनी नव्हे. दुकानांतून दोन मैल चालून आली ती. आवाज नाहीं, दिवा नाहीं. माझ्या पाळीला चाळीस मिनिटें राहिलीं आहेत."

खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आमचा धीर खचला होता. परमुलुखांत, मुलाच्या घरांत, आपल्याला न कळणाऱ्या यंत्राविषयीं बोलणारा म्हातारा कसा दिसतो हें आम्हांस ठाऊक होतें. दोनच दिवसांपूर्वीं घराच्या भट्टीविषयीं असेंच कांहीं बोलून आम्ही चुकलों होतों. पण चिरंजीवांनीं आमच्या तोंडाकडे पाहिलें, कांहीं न बोलतां विजेरी आणली आणि ते बर्फाळ फरशीवर पालथे झाले. एंजिनाचें बूच धुळीनें माखलेलें, कोरडें. शेजारच्या पेटीचें बूच पुसून लख्ख केलेलें, आणि त्याच्या कडेला एक लालसर तपकिरी थेंब. दुकानाला फोन केला तों तें बर्फाच्या भीतीनें लवकर बंद झालेलें.

सूनबाई शेजारच्या गांवांतल्या एका सहकारिणीच्या गाडींतून गेली. सौ. त्या रात्रीं मुलाशीं एक अक्षर बोलली नाहीं.

दोन मैल चालली तर अठ्ठावीस कां चालली नसती, हा सूनबाईचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं त्या पेटींत काय आहे तें सांगणें प्राप्त आहे. ती रात्र आम्हीं चिरंजीवांबरोबर चित्रें आणि पुस्तिका पाहण्यांत घालविली. त्यांतलें जें आमच्या डोक्यांत शिरलें तें असें.

साध्या मोटारीच्या गिअरबॉक्समध्यें लहानमोठीं चाकें असतात आणि गतीप्रमाणें एक जोडी सुटून दुसरी जुळते. प्रिअसच्या पेटींत असें जोडणें-सोडणें नाहींच. तेथें मध्यभागीं एक दातेरी चाक आहे, त्यास सूर्य म्हणतात. त्याभोंवतीं फिरणारीं लहान चाकें, ते ग्रह. आणि या सर्वांस वेढणारें, आंतल्या बाजूनें दाते असलेलें एक कडें. ग्रहांना धरून ठेवणारी चौकट एंजिनाला जोडलेली आहे. सूर्याला एक विजेचें यंत्र, तें बहुधा वीज निर्माण करतें. कड्याला दुसरें, मोठें, तें गाडीचीं चाकें फिरवितें. सूर्याला ३० दाते, ग्रहाला २३, कड्याला ७८. एंजिनाच्या पीळाचे शंभर भाग केले तर सुमारें ७२ भाग कड्यावाटे चाकांकडे जातात आणि २८ सूर्याकडे. ही वांटणी दात्यांच्या संख्येनेंच ठरलेली, ती कोणी बदलूं शकत नाहीं. बदलतो तो वेग. आणि सूर्याचा वेग विजेनें कमीजास्त करून एंजिनाला हवा तो वेग देतां येतो. आपल्या ज्योतिषांतलीं नीचोच्चवृत्तें, म्हणजे मोठ्या वर्तुळावर फिरणारीं लहान वर्तुळें, ज्यानें एकदां पाटीवर काढलीं आहेत त्यास ही रचना पाहून ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखें होतें. मध्यभागीं पृथ्वीऐवजीं सूर्य बसविला आहे एवढाच भेद.

आतां तेलाचें. या पेटींत क्लच नाहीं, घासणारा पट्टा नाहीं, म्हणून तेलाला काम थोडें, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः तेलाला तेथें तीन कामें आहेत. दात्यांच्या मध्यें राहून त्यांना एकमेकांवर घासूं न देणें, हें पहिलें. दुसरें, दोन्ही विजेचीं यंत्रें त्याच पेटींत असल्यामुळें त्यांच्या तांब्याच्या वेटोळ्यांची उष्णता वाहून पेटीच्या भिंतीपर्यंत नेणें. आणि तिसरें सर्वांत नाजूक: त्या पिढीच्या प्रिअसमध्यें ही यंत्रें ५०० व्होल्टपर्यंतच्या विजेवर चालतात आणि तेल थेट वेटोळ्यांना लागतें, म्हणून तें तेल वीज वाहूं न देणारें असावें लागतें. साधें गिअर-ऑईल ओतून चालत नाहीं तें याकरितां. कंपनीनें या पेटीसाठीं 'ए. टी. एफ. डब्ल्यू. एस.' या नांवाचें तेल नेमून दिलें आहे, तेंच घालावें.

तेल काढून टाकलें तरी दात्यांवर आणि धारव्यांवर एक पातळ थर कांहीं काळ चिकटून राहतो. गल्लीबोळांतले दोन मैल त्या थरावर निघाले. ताशीं ६५ मैलांच्या वेगानें अर्धा तास जातांना तो थर टिकला नसता, आणि मग हायवेच्या मधोमध, बर्फांत, रात्रीं, पुढें काय झालें असतें याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. पूर्वसूचना मिळाली असती असेंही नाहीं. या पेटीला तेलपट्टीच नाहीं. आंत तेल किती आहे हें मालकाला बाहेरून दिसण्याची सोय नाहीं. जेथें पाहण्याची सोय नाहीं तेथें पाहण्याची गरज नाहीं असें माणसास वाटूं लागतें.

दुसऱ्या दिवशीं बर्फ थांबल्यावर चिरंजीव एका मित्राच्या गाडींतून कंपनीच्या विक्रीकेंद्रांतून तेल घेऊन आले. पेटींत ३.८ लिटर लागतें. तेथील बाटली ९४६ मिलिलिटरची, म्हणजे चार बाटल्या कांठोकांठ. सांडलवंड धरून पांच आणल्या. बुचांसाठीं दोन नवे वायसर. दुकानांत परत नेण्याचा प्रश्नच नव्हता. घरच्या गॅरेजांत काम करावयाचें ठरलें. आमच्याकडे विजेरी धरण्याचें आणि पुस्तिका मोठ्यानें वाचण्याचें काम आलें.

यांतील कांहीं गोष्टी घरोघरीं उपयोगीं पडण्याजोग्या आहेत. हायब्रिड गाडी 'तयार' स्थितींत उभी असली तर तिचें एंजिन केव्हांही आपण होऊन सुरू होतें. शांत आहे म्हणून बंद आहे असें समजून कोणी हात घालूं नये. चावी खिशांत असली तरी गाडी ती ओळखते, म्हणून सौ.नें ती स्वयंपाकघरांत नेऊन डब्यांत ठेवली. गाडी पुढून-मागून सारखी उचलून चार लोखंडी आधारांवर सपाट ठेवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे आत्मघात. सपाट अशासाठीं कीं, या पेटींत तेलाची पातळी मोजण्याचा मार्ग एकच: पेटीच्या अंगावर वरच्या बाजूस जें भरण्याचें भोंक आहे त्याच्या खालच्या ओठाशीं तेल आलें पाहिजे. गाडी कलती असली तर हें माप खोटें.

आणि सर्वांत महत्त्वाचें: भरण्याचें वरचें बूच आधीं उघडावें, काढण्याचें खालचें मागाहून. वर्षानुवर्षें न उघडलेलें वरचें बूच कित्येकदां हलत नाहीं. खालून सगळें तेल काढून टाकलें आणि मग वरचें उघडेना, तर रिकामी पेटी आणि भरलेल्या बाटल्या यांच्याकडे पाहात बसण्याची वेळ येते. आमचें बूच हललें, पण चिरंजीवांनीं पान्याला नळीचा हात लावून जोर केला तेव्हां. १० मिलिमीटरची अ‍ॅलन-की लागली. त्याच पेटीला आणखी एक बूच आहे, तें तेलाचें नसून विजेच्या यंत्रांस गार ठेवणाऱ्या पाण्याचें. चित्र समोर नसतें तर आम्हीं बहुधा तेंच उघडलें असतें, हें प्रांजळपणें सांगतों. दुकानांतल्या त्या मुलावरचा आमचा राग तेथें थोडा उतरला.

खालचें बूच उघडतांच चार लिटरांच्या जागीं पाव वाटी काळपट तेल गळलें. आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं. चिरंजीवांनीं तें बराच वेळ विजेरींत धरलें. मग नवा वायसर, बूच परत, आणि ३९ न्यूटन-मीटरवर टॉर्क-पान्यानें आंवळणें; अंदाजानें आंवळल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीचे आटे जातात. वरून एंजिनाच्या बाजूनें एक लांब पारदर्शक नळी भोंकापर्यंत सोडली, नळीच्या वरच्या टोंकाला नरसाळें, आणि नरसाळ्यांत तेल. नवें तेल डाळिंबाच्या रसासारखें लाल. थंडीमुळें तें अगदीं हळू उतरत होतें. चार बाटल्यांना पाऊण तास लागला. शेवटीं भोंकाच्या ओठावरून बारीक धार लागली, ती थांबेतों थांबलों आणि बूच लावलें. संस्कृतांत तेलास आणि मायेस एकच शब्द आहे. त्यावर कोटी करण्याचा मोह आम्ही आवरतों. मग एंजिनांतलें दुप्पट झालेलें तेलही सगळें काढून मापानें भरलें. तेंही तसेंच ठेवण्याजोगें नव्हतें. जास्त तेल फिरत्या दांड्यानें घुसळलें जाऊन त्यास फेंस येतो आणि फेंसानें वंगण होत नाहीं.

गल्लींत चार फेऱ्या मारल्या. आवाज नव्हता. तिसऱ्या रात्रीं सूनबाई ती गाडी घेऊन कामावर गेली. पोंचल्याचा फोन येईपर्यंत घरांत कोणी जेवलें नाहीं. दुकानानें पुढें तेलाचे पैसे परत केले. पेटीस पुढेंमागें कांहीं झाल्यास काय, हें लिहून द्यावयास मात्र तें तयार झालें नाहीं.

आतां 'आजन्म' या शब्दाकडे वळूं. चिरंजीवांच्या गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत सामान्य वापरासाठीं हें तेल तपासावें असें होतें, अमुक मैलांनीं बदलावें असें नव्हतें. त्यावरून पूर्वीच्या मालकानें तें कधींच बदललें नव्हतें, आणि चिरंजीवांनींही नाहीं. आमचा प्रश्न व्याकरणाचा आहे: आजन्म म्हणजे कोणाच्या जन्मापर्यंत? तेलाच्या, कीं पेटीच्या, कीं मालकाच्या? विक्रेत्याच्या मनांत बहुधा पहिल्या मालकाचा काळ असतो. क्लच नसल्यामुळें हें तेल फार सावकाश बिघडतें हें खरें. पण नवीं चाकें एकमेकांवर बसतांना बारीक धातु तेलांत उतरतो तो कोठें जाणार? उष्णतेनें तेल जुनें होतें तें कोण थांबविणार? म्हणून पुष्कळ जाणते मालक ६०,००० मैलांच्या, म्हणजे सुमारें ९६,००० किलोमीटरांच्या आंतबाहेर तें बदलतात, आणि पहिल्या खेपेस त्याहून लवकर. चार बाटल्या तेल आणि एक दुपार, हा खर्च. नवी पेटी बसविण्याची वेळ आली तर जुन्या गाडीच्या किंमतीएवढें देणें. हा हिशेब त्रैराशिकापर्यंतही जात नाहीं.

आपल्याकडे हा विषय आतां दूरचा राहिलेला नाहीं. प्रिअस येथें २०१० सालीं आली तेव्हां ती थोड्याच घरांत गेली. परंतु २०२२ सालापासून हायरायडर, ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांबरोबर हीच सूर्य-ग्रहांची रचना आपल्या रस्त्यांवर आली. होंडा सिटीची हायब्रिड त्याच वर्षीं आली. तिची रचना मात्र वेगळी आहे. शिवाय मागें 'हायब्रिड' अशी पाटी असलेल्या कांहीं गाड्यांत विजेची मदत अगदीं बेताची असते आणि गिअरबॉक्स नेहमींसारखाच असतो. ग्रँड विटाराचाही तसा एक प्रकार आहे. तेव्हां आपली गाडी कोणती, तीत कोणतें तेल, किती, हें ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. आमच्या लेखावरून कोणी बाटली विकत घेऊं नये. सर्व्हिसला गाडी दिली तर कोणतें बूच उघडलें हें विचारण्यांत आणि घरीं आल्यावर एंजिनाची पट्टी एकदां ओढून पाहण्यांत कमीपणा मानूं नये. पुतण्यानें हें ऐकून घेतलें. "काका, पण विक्रेता म्हणाला..." असें तो एकदां म्हणाला, आणि वहिनींनीं त्याच्या पानांत आमटी वाढली.

चिरंजीवांनीं त्याच वर्षीं जुलैंत, जेमतेम ८,००० मैल झाल्यावर, पेटींतलें तेल पुन्हां बदललें. पहिल्या खेपेस तळाशीं जें राहिलें असेल तें निघून जावें म्हणून. त्याचें छायाचित्र आम्हांस पाठविलें: कांचेच्या बरणींत, फिकट चहाच्या रंगाचें, आरपार दिसणारें. त्यानंतर एकदां २०२२ सालीं. गाडी २०२३ सालीं विकली तेव्हां तबकडीवर २,०१,००० मैल होते आणि पेटी तीच होती.

त्या जानेवारींत आम्हीं केलेल्या कामाची एक चिठी चिरंजीवांनीं गाडीच्या पुढच्या कप्प्यांत ठेवली होती: तेलाचें नांव, माप, दोन्ही बुचांचें चित्र, आणि खालीं मोठ्या अक्षरांत 'वरचें आधीं'. चिठी मराठींत असल्यामुळें नव्या मालकासाठीं सूनबाईनें ती इंग्रजींत उतरवून दिली आणि मूळ चिठी स्वतःजवळ ठेवली. गेल्या आठवड्यांत ती टपालानें पुतण्याच्या नांवें आली. मापें त्याच्या गाडीचीं नव्हत, तीं पुस्तिकेंतून काढून मैलांचे किलोमीटर करून नवी चिठी लिहिण्याचें काम आम्हांकडे आहे. शेवटची ओळ तेवढी जशीच्या तशी उतरावयाची आहे.